अननसाचा रुमाल

ऋतिका तावडे सत्तावीस वर्षांची होती. मरोळच्या एका ऑफिसात सहा जणांवर हुकूम चालवत होती, लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं, आणि तरीही तिला मुलुंडच्या एका तेरा वर्षांच्या पोरीचा हेवा वाटत होता. हेवा म्हणजे साधासुधा नाही. त्या पोरीचं नाव जेवताना नुसतं निघालं तरी हिचा चेहरा उतरायचा. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. होणाऱ्या नवऱ्याला, केयूरला, सांगितलं असतं तर तो हसला असता, आणि आईला सांगितलं असतं तर आईनं चष्मा कपाळावर चढवून विचारलं असतं, “तुझं वय काय गं?” त्यामुळे ती गप्प होती.

आणि नाव तर रोज निघायचं. ऋतिकाची आई, सुलक्षणा, ही हस्तकलेची बाई. घाटकोपरच्या एका शाळेत तिनं अठ्ठावीस वर्षं कार्यानुभव शिकवला. कागदाची फुलं, मण्यांची तोरणं, भरतकाम, क्रोशा, सगळं. निवृत्त झाल्यावर दुसऱ्या बायका गुडघे धरून बसतात. ही तीन वर्षांपूर्वी मुलुंडच्या ‘छाया’ बालिकागृहात जायला लागली. ज्यांना घर नाही, किंवा घर आहे पण तिथं राहता येण्यासारखं नाही, अशा चाळीसेक मुली तिथं असतात. सकाळी शाळेत जातात, आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार दुपारी तीन ते साडेपाच सुलक्षणाबाईंसमोर चटईवर बसून विणतात. आईचा एक वार कधी चुकला नाही. मधे ताप आला होता तेव्हाही क्रोसिन घेऊन गेली.

रात्री जेवायला बसलं की भातावर वरण पडायच्या आधी मुली यायच्या. आज अमकीनं तोरण पुरं केलं, तमकीनं सुई हरवली आणि सगळ्यांनी मिळून कपाटाखाली शोधली. मग अबोली. अबोलीवर आलं की आईचा आवाजच बदलायचा. “काय हात आहे गं त्या पोरीचा! एकदा दाखवलं की झालं. दुसऱ्यांदा तोंड उघडावं लागत नाही.” ऋतिकाचे बाबा श्यामसुंदर हे ऐकत शांतपणे बांगड्याचे काटे काढत असायचे. ऋतिका पाण्याचा ग्लास उचलून स्वयंपाकघरात निघून जायची, रिकामा नसला तरी.

या हेव्याला मूळ नव्हतं असं नाही. ऋतिका डावरी. नऊ वर्षांची असताना मे महिन्याच्या सुट्टीत ती आपणहून आईजवळ जाऊन बसली होती, मलाही शिकव म्हणून. आईनं तिच्या उजव्या हातात क्रोशाची सुई दिली. सुई दर दोन मिनिटांनी डाव्या हातात जायची. आई ती परत उजव्या हातात द्यायची. आधी हसून, मग न हसता, मग चापट मारून. चौथ्या दिवशी आईनं सुई काढून घेतली आणि म्हणाली, “राहू दे. तुझ्या हातात कलाच नाही.” तीनशे मुलींना शिकवणाऱ्या बाईनंच सांगितलं म्हटल्यावर विषय संपला. ऋतिका गणिताकडे वळली, वर्गात पहिली आली, नोकरीत चढत गेली. पण कुणी विणलेलं काही दाखवायला लागलं की ती आजही मोबाइल बघायला लागते.

तर अशा घरात रुखवताचा प्रश्न निघाला. लग्नाच्या हॉलमध्ये मुलीकडचे एका लांब टेबलावर मुलीच्या हातच्या वस्तू मांडतात, ते रुखवत. हल्ली मुलीच्या हातचं त्यात फक्त नाव असतं. बाकीचं दादरहून येतं, हे मांडणाऱ्यांना माहीत असतं आणि बघणाऱ्यांनाही.

“रुखवत माझ्या मुली करतील,” आईनं जाहीर केलं.

“तुझ्या मुली?”

“छायाच्या गं. सगळ्या मागे लागल्यात. टीचरच्या मुलीचं लग्न म्हणून उड्या मारतायत नुसत्या.”

आणि मी कोण, असं ऋतिकाच्या अगदी ओठांवर आलं. तिनं ते गिळलं. “कशाला आई? रेडिमेड मिळतं. ऑनलाइन मागवू. नाहीतर नकोच ना ते रुखवत.”

“नको कसं? मी क्रोशाची बाई, आणि माझ्या पोरीच्या लग्नात साबणाची बदकं मांडू? त्या केयूरच्या माणिकआत्या काय म्हणतील? क्रोशात त्यांचा हात धरणारी बाई बोरिवलीत नाही म्हणतात.” आईनं बोटांवर वस्तू मोजायला सुरुवात केली. “तोरण झालंय. ताटावरचे पाच रुमाल झालेत. आणि मधोमध अबोलीचा अननसाच्या नक्षीचा रुमाल. चार महिने करतेय पोर. तिनं अख्ख्या शाळेत सांगितलंय, माझा रुमाल हॉलमध्ये मांडणार म्हणून. छायाच्या ऋतामॅडमनी सहा मुलींना लग्नाला आणायची लेखी परवानगीसुद्धा काढलीय.”

ऋतिकानं बाबांकडे बघितलं. बाबा मालवणीवर आले, म्हणजे त्यांचा निकाल लागला होता. “सोड गो,” ते म्हणाले. “तुझी आवस कोणाचा ऐकता?”

पुढचे आठ दिवस आई घरात नुसती झोपायला असल्यासारखी होती. मंगळवार-गुरुवार-शनिवारचे सगळे वार झाले. हॉलवाल्याशी ऋतिका बोलली, मेंदीवालीशी ऋतिका बोलली, पत्रिका वाटायला बाबांबरोबर ऋतिका गेली. एक गोष्ट तेवढी तिनं आईसाठी राखून ठेवली होती. शालूवरच्या ब्लाउजची ट्रायल. घाटकोपरच्या टेलरकडे गुरुवारी चार वाजता, दोघींनी जायचं, मग बाहेर काहीतरी खायचं. तिनं अर्धी रजा टाकली. पावणेचारला आईचा फोन आला.

“ऋतू, तू जाऊन ये ना बाळा. अबोलीचा रुमाल परत अडकलाय. आज नाही सुटला तर राहिलाच.”

“आई, ट्रायल आहे.”

“मग? मापं तर तुझीच आहेत ना?”

ऋतिकानं फोन ठेवला आणि टेलरकडे न जाता रिक्षात बसली. मुलुंडपर्यंत तिनं मनातल्या मनात तीन भाषणं तयार केली. तिसरं चांगलं जमलं होतं. त्यात ‘तुला मुलगी एकच आहे’ हे वाक्य शेवटी येत होतं.

‘छाया’च्या दारावरच्या बाईंनी ओळखून आत सोडलं. हॉलच्या दाराशी चपला काढता काढता तिला आई दिसली, आणि तिन्ही भाषणं जागच्या जागी विरली. आई चटईवर मांडी घालून बसली होती. शेजारी एक काळीसावळी, दोन घट्ट वेण्यांची मुलगी, अबोलीच असणार. दोघींच्या हातात सुई होती आणि दोघींच्या डाव्या हातात होती. आई, जी चमचासुद्धा डाव्या हातानं धरत नाही, ती डाव्या हातानं दोरा ओढून घेत होती. सावकाश, ओठ दाताखाली धरून, पहिलीतलं मूल अक्षर गिरवतं तशी. एक खांब, म्हणजे क्रोशाचा उभा टाका, चुकला तर हसली. “थांब हं, मी गाढव आहे. परत करते,” ती त्या मुलीला म्हणाली.

म्हणजे शिकली होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी, हात बदलून, पहिल्या साखळीपासून शिकली होती. कुणाच्यातरी पोरीसाठी. माझ्या वेळी हात नव्हता का तुला डावा?

तेवढ्यात त्या मुलीनं वर बघितलं. “ऋतिकाताई!” ती ओरडली, उठली आणि रुमाल दोन्ही हातांवर पसरून समोर आली. पांढराशुभ्र, मोठ्या ताटाएवढा, गोल. मध्यातून निघून कडेपर्यंत आठ अननस, एकसारखे, एकाचा खांब इकडचा तिकडे नाही. “तुमच्यासाठी. टीचर म्हणाल्या, तुम्ही पण माझ्यासारख्याच लेफ्टी. झकास झालाय ना?”

“छान आहे,” ऋतिका म्हणाली. मग, कुणी विचारलं नसताना, “पण पांढरा लगेच मळतो.”

मुलीनं रुमाल दुमडून छातीशी धरला. आईनं ऋतिकाकडे अशी नजर टाकली की ऋतिकाला पुन्हा नऊ वर्षांची झाल्यासारखं वाटलं.

शनिवारी रुमाल घरी आला. लग्न पुढच्या रविवारी. आईनं तो मऊ कागदात गुंडाळून ऋतिकाच्याच कपाटात ठेवला, सगळ्यांत सुरक्षित जागा म्हणून. रविवारी दुपारी आईबाबा पाहुण्यांना आणायला गेले आणि घर रिकामं झालं. ऋतिकानं कागद सोडला. नुसतं बघायला. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं असं ती अजूनही शपथेवर सांगेल, आणि मी ते मानणार नाही.

क्रोशाच्या कामाची एक गंमत असते. महिनोन् महिने केलेलं काम एकाच टोकाला लटकलेलं असतं. ते टोक लपवलेलं असतं, पण सापडलं आणि सुटलं, की बाकीचं सगळं आपणहून येतं. ऋतिका क्रोशाच्या बाईची मुलगी होती. टोक कुठं असतं ते तिला ठाऊक होतं. तिनं टाचणी घेतली, टोक उचकटलं आणि ओढलं.

टरटर करत कडेची फेरी निघाली. एकच, असं ती म्हणाली. मग दुसरी निघाली. दोरा हाताला नागमोडी लागत होता आणि ओढताना इतकं बरं वाटत होतं की लाज वाटायला सवडच मिळाली नाही. पहिला अननस गेला, दुसरा गेला. तू हिच्यासाठी हात बदललास ना, बदल. हिच्यासमोर गाढव म्हणालीस ना स्वतःला, म्हण. अर्ध्या तासात आठही अननस संपले आणि बोटांत मधली पहिली गाठ राहिली. ती सोडल्यावर काहीच राहिलं नाही. शिस्तीची मुलगी असल्यामुळे तिनं दोऱ्याचा नीट गुंडा केला.

गुंडा बघितल्यावर मात्र ती भानावर आली. रविवारी हॉलमध्ये ती पोरगी येणार. मैत्रिणींना घेऊन येणार. टेबलाच्या मधोमध बघणार. ऋतिकानं डोळ्यांसमोर तिच्या दोन वेण्या आणल्या आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. संध्याकाळी आईनं रुमालाचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, “लाँड्रीत दिलाय. खळ घालून, कडक करून देणार आहेत.” आई खूश झाली. “बघ, सुचतं तुला.”

सोमवारी आईचा वार नसतो. ऋतिका ऑफिसातून सुट्टी घेऊन सरळ मुलुंडला गेली. ऋतामॅडम, म्हणजे तिथल्या अधीक्षक, करड्या बाई. सुया आणि कात्र्या कुलपात ठेवून वाराच्या दिवशीच देतात. ऋतिकानं रुखवताचं थोडं काम राहिलंय असं सांगितलं. त्यांनी कुलपातून दोन सुया काढून दिल्या, अबोलीला बोलावलं, हॉलचं दार उघडं ठेवलं आणि समोरच टेबलावर फायली घेऊन बसल्या.

ऋतिकानं पिशवीतून गुंडा काढला. “अबोली, अगं, खूप वाईट झालं. माझ्या बांगडीत अडकला आणि सगळा उसवला.”

अबोलीनं गुंडा हातात घेतला. उलटापालटा केला. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, पण ती रडली नाही. दोऱ्याचं टोक बोटांत धरून म्हणाली, “अडकून नाही उसवलाय हा.”

“म्हणजे?”

“अडकला असता तर तुटला असता ना. गाठी पडल्या असत्या. हा कुणीतरी बसून उसवलाय. आरामात.” तिनं गुंडा पुढे केला. “आणि गुंडा पण केलाय.”

ऋतिका हातातली पिशवी दुमडायला लागली.

“तुम्हीच ना?”

“हो.”

“का?”

“कारण...” ऋतिकानं ऋतामॅडमकडे बघितलं. त्या फायलीत होत्या. “कारण माझी आई सारखं तुझंच कौतुक करते. आणि तुझ्यासाठी तिनं डावा हात शिकून घेतला. माझ्यासाठी नाही घेतला.” एवढ्या मोठ्या बाईनं हे एवढ्याशा मुलीला सांगणं किती वेडगळ दिसतंय हे तिला बोलतानाच कळत होतं.

अबोलीनं तिच्याकडे रोखून बघितलं. मग मान खाली घालून म्हणाली, “मी पण उसवलाय. दोनदा.”

“काय?”

“हाच. टीचरना वाटतं चुकला, अडकला. चुकलाबिकला नव्हता. तुमच्याकडे जाणार ना, म्हणून डोकं फिरायचं.” आता तिचा आवाज चढला. “तुम्हाला काय वाटतं, इथं आमचं कौतुक चालतं? टीचर तुमचंच सांगत बसतात. ऋतिका गणितात पहिली. ऋतिकाला ऑफिसात सगळे घाबरतात. ऋतिकाला भेंडी आवडत नाही. मला काय करायचंय तुमच्या भेंडीचं? आणि साडेपाचला पाच मिनिटं असली की घड्याळ बघतात. निघते गं, ऋतिका यायची वेळ झाली. दर वेळी! इथं कुणी रडत असलं तरी निघतात. तुमच्याकडे जातात. आणि रुमाल पण तुम्हालाच.”

ऋतामॅडमनी फायलीतून डोकं वर काढलं आणि, बाई समजूतदार म्हणायची, परत खाली घातलं.

“आणि तो डावा हात,” अबोली नाक पुसत म्हणाली, “तो पण तुमच्यामुळेच. मी आले तेव्हा टीचरनी सगळ्यांसमोर सांगितलं, माझी मुलगी अशीच होती, तिच्या वेळी मी चुकले, हिच्या वेळी चुकायचं नाही. मग घरी कुणी नसताना बसून शिकल्या.”

एखाद्या शहाण्या मुलीचं मन हे ऐकून विरघळलं असतं. ऋतिकाचंही थोडं विरघळलं. पण त्याच्या पाठोपाठ वेगळीच कळ आली. चाळीस मुलींसमोर कबूल केलं? मॅडमसमोर, स्वयंपाकाच्या मावशींसमोर? आणि जिच्यापाशी कबूल करायचं, ती रोज समोर बसून जेवत होती, तिला एक शब्द नाही. आईचं ‘माझं चुकलं’सुद्धा हिच्या वाट्याला आलं.

“आता मांडणार काय?” अबोलीनं विचारलं. मघापासून धरून ठेवलेलं रडू आता तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. “मी शाळेत सगळ्यांना सांगितलंय. वाट लागली ना माझी.”

“परत होईल?”

“सहा दिवसांत? एवढा नाही होणार.” तिनं बोटांनी हवेत गोल काढला, मग लहान केला. “बशीपेक्षा थोडा मोठा. त्याच्यातही कडेच्या दोन फेऱ्या राहतील. मला परीक्षा आहे.” आणि जरा थांबून, “त्या तुम्ही करा.”

“मला येत नाही. माझ्या हातात कला नाही.”

“उसवलाय तुम्ही,” अबोली म्हणाली. “कला कुणी मागितली? सुई डाव्या हातात घ्या.”

ऋतिकानं घेतली. इतक्या वर्षांनी ती सुई डाव्या हातात राहिली आणि कुणी काढून घेतली नाही. साखळी जमली. खांब जमेना, दोरा दोनदा घ्यायचा तिथं ती एकदाच घ्यायची. अबोली वाईट शिकवत होती. चिडायची, “अरे यार, ताई!” म्हणून कपाळावर हात मारायची, आणि स्वतः सुई चालवायला लागली की असा हात चालायचा की ऋतिकाला पुन्हा मत्सर वाटायचा, अगदी ताजा. पण दर वेळी अबोली थांबायची, उसवायची आणि पहिल्यापासून दाखवायची.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. पार्लर, पत्रिका, ऑफिसची कामं, ऋतिकानं घरी काय वाटेल ते सांगितलं. ऋतामॅडमनी तेवढ्या दिवसांपुरती एक सुई अबोलीकडे राहू दिली. पोरगी परीक्षेच्या अभ्यासातून उठून आतले अननस घालत होती, आणि ऋतिका एका जुन्या दोऱ्यावर खांब गिरवत होती. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, घरी दार लावून. शुक्रवारी अबोलीनं रुमाल तिच्या हातात दिला. ऋतिकानं तिथंच बसून पहिली फेरी घातली, दुसरी शनिवारी मेंदी लागायच्या आधी घरी पुरी केली. फेऱ्या ढिल्या झाल्या. एका ठिकाणी दोन खांब जास्त पडल्यामुळे कड फुगली. अबोलीनं ते बघितलं असतं तर नक्की उसवायला लावलं असतं.

रविवारी हॉलमध्ये रुखवत मांडलं. तोरण, पाच रुमाल, मण्यांचे हार, आणि मधोमध तो. ऋतिकानं तो स्वतः आणून ठेवला. आईनं लांबून बघितलं आणि तिची चाल मंदावली. ती काही बोलणार इतक्यात नवऱ्यामुलाकडच्या बायका आल्या आणि त्यांच्या पुढे माणिकआत्या, चष्मा सरसावून. इकडचे रुमाल उचल, तिकडचे ठेव, असं करत त्या मधोमध पोचल्या. रुमाल उलटा केला, सुलटा केला, कडेवरून बोट फिरवलं.

“हे डाव्या हातचं काम आहे,” त्या म्हणाल्या. “फेऱ्या उलट्या दिशेनं गेल्यात. ऋतिका, तू डावरी ना? मग तूच केलंस हे. वा! अगं, काय अननस आहेत!” मग त्यांचं बोट कडेला अडलं. “पण इथं काय झालं? इथं हात दुसरा वाटतो.”

चार बायका वाकून बघायला लागल्या. अबोली टेबलाच्या पलीकडे, पाच मैत्रिणींसोबत उभी होती, नव्या फ्रॉकमध्ये, दोन वेण्यांना गजरे. ती श्वास रोखून ऋतिकाकडे बघत होती.

वा, हा शब्द ऋतिकाला क्रोशाच्या कामासाठी आयुष्यात पहिल्यांदा मिळाला होता. अजून एक क्षण ठेवून घ्यावा असं तिला फार वाटलं. मग तिनं तो जिचा तिला दिला. “अननस अबोलीचे. ती उभी आहे बघा, वेण्यांची. फुगलेली कड माझी.”

“ही एवढीशी?” माणिकआत्या गेल्याच तिकडे. “बाळ, इकडे ये. हा पाचवा खांब तू कसा वळवलास ते मला दाखव.” बायकांनी अबोलीला घेरलं. मैत्रिणी तिला ढोसायला लागल्या. पोरीचा चेहरा असा फुलला की बघून ऋतिकाला बरंही वाटलं आणि थोडं टोचलंही.

आई टेबलाजवळ आली. तिनं रुमाल उचलून चष्म्याशी धरला. खालच्या आवाजात म्हणाली, “हा तो रुमाल नाही.”

“नाही. तो मी उसवला.”

“कसा उसवला?”

“रागानं. तुझ्या.”

नवरीला हॉलमध्ये झापता येत नाही. आईचं बोट कडेवर गेलं, त्या फुगलेल्या जागी थांबलं. दोन ढिल्या फेऱ्या तिनं सबंध गोल फिरून तपासल्या, परीक्षेचा पेपर तपासावा तशा.

“या खरंच तुझ्या?”

“हो.”

“शिकवलं कुणी?”

“अबोलीनं.”

आईनं मान वळवून बघितलं. तिथं अबोली हवेत बोटं नाचवत माणिकआत्यांना खांब दाखवत होती. आईचे कान लाल झाले, ओठ बारीक झाले. “मी काय मेले होते?” ती म्हणाली. “मला सांगायला काय झालं होतं? माझी पोर, आणि तिला ती शिकवणार?”

ऋतिकानं आईचा चेहरा नीट बघितला. तीन वर्षं रोज रात्री जेवणाच्या ताटावर तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर जे असायचं ते आज जसंच्या तसं समोर होतं, आणि ते तिच्यासाठी होतं. अशा वेळी मुलीनं आईला मिठी मारावी, रडावं, निदान समजूत काढावी. ऋतिकानं तसलं काही केलं नाही.

“तू मुलींमध्ये होतीस ना,” ती म्हणाली, आणि शालूच्या निऱ्या सावरत फोटोला उभी राहायला गेली. मागे आई रुमाल हातात धरून तशीच उभी होती. खोटं कशाला बोला, ऋतिकाला फार बरं वाटलं.